आवाजाचा डबा कुणाच्या मालकीचा?



आज जरा वेगळा विषय घेतेय. वाचायला तांत्रिक वाटेल, पण आपल्या सगळ्यांच्या रोजच्या वापरातला आहे.

२०२० साली शाळा बंद होत्या, तेव्हा तिसरीच्या मुलांना मी वाचनाचा गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर द्यायचे. मुलं उतारा वाचून व्हॉइस नोट पाठवायची. मागे कोंबडा आरवतोय, कुणीतरी भांडी घासतंय, आणि मध्येच "बाई, येतंय का ऐकू?" असा प्रश्न. गावात नेटवर्कची एकच काडी. वहीच्या पानाचा फोटो यायला अर्धा अर्धा तास लागायचा, पण आवाज मात्र यायचा. जोडाक्षरावर कोण अडलं, कोण अंदाजाने वाचतंय, हे मला घरी बसून नीट कळायचं.

हे कसं काय जमतं, असा प्रश्न तेव्हा पडला नाही. पुढे एकदा फोनमधली जागा मोकळी करताना व्हॉइस नोटच्या फोल्डरमध्ये गेले, तर प्रत्येक फाइलच्या नावाच्या शेवटी एकच शब्द : ओपस. तुमच्याकडे अँड्रॉइड फोन असेल तर तुम्हीही बघा, हाच शब्द दिसेल.

त्या शब्दाच्या मागे लागले आणि एक मोठी गोष्ट हाती आली. ती सांगण्याआधी माझं मत सांगून टाकते. आवाज साठवायची पद्धत ही लिपीसारखी असते. आपण देवनागरीत लिहितो, त्याचं भाडं कुणी मागत नाही. आवाजाच्या पद्धतीचंही तसंच असायला हवं. आणि आपण शिक्षक जेव्हा मुलांचे, गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे आवाज साठवतो, तेव्हा ते कोणत्या पद्धतीत साठवतोय हे बघणं हे आपलंच काम आहे.

माझी चूक

हे मी स्वतः चूक करून शिकले. नोकरीला लागले त्याच्या पहिल्या एक-दोन वर्षांतली गोष्ट. वर्गातल्या एका मुलीची पणजी जात्यावरच्या ओव्या फार सुंदर म्हणायची. माझ्याकडे हातात मावेल एवढा व्हॉइस रेकॉर्डर होता. दोन दुपारी तिच्या ओसरीत बसून अकरा ओव्या रेकॉर्ड केल्या आणि फाइली संगणकावर घेतल्या. झालं काम, असं मला वाटलं.

तो रेकॉर्डर आपल्या स्वतःच्या वेगळ्याच फॉरमॅटमध्ये फाइल बनवायचा. ती फाइल उघडायला त्याच कंपनीचं सॉफ्टवेअर लागायचं, सोबत आलेल्या सीडीतलं. चार-पाच वर्षांनी रेकॉर्डर बिघडला, सीडी सापडेना आणि नवीन संगणकावर फाइली उघडेनात. तोवर पणजी गेल्या होत्या. त्यांच्या घरच्यांनी विचारलं, "बाई, आमच्या आजीचा आवाज आहे ना तुमच्याकडं?" मी काय सांगणार? आवाज होता. पण ज्या डब्यात होता त्याचं झाकण दुसऱ्याच्या ताब्यात होतं.

आधी थोडं गणित

आवाजाला डब्यात कोंबावं लागतं ते का, हे पाचवीच्या मुलालाही गणिताने समजेल. सीडीवरच्या आवाजात दर सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनिलहरीची उंची मोजतात. प्रत्येक मोजणीला १६ बिट लागतात. डावा आणि उजवा असे दोन भाग.

४४,१०० × १६ × २ = १४,११,२०० बिट, तेही एका सेकंदाला. आठ बिटांचा एक बाइट. म्हणून सेकंदाला १,७६,४०० बाइट आणि मिनिटाला १,०५,८४,००० बाइट. म्हणजे एका मिनिटाच्या वाचनाला एक कोटीहून जास्त बाइट! एका काडीच्या नेटवर्कवर हे कसं जाणार?

म्हणून आवाज लहान करायचा. त्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, घडी घालण्याचा. साडी नीट घडी घालून ठेवली की जागा कमी लागते, आणि उलगडली की साडी होती तशी. दुसरा, वगळण्याचा. प्रवासाला निघताना जे लागणार नाही ते पिशवीतून काढून ठेवतो, तसं. आपल्या कानाला सगळंच ऐकू येत नाही. शाळेची घंटा घणघणत असते तेव्हा मागच्या बाकावरची कुजबुज आपल्याला कळत नाही. मोठ्या आवाजाखाली त्याच्या जवळचा बारीक आवाज झाकला जातो. मग जो ऐकूच येणार नाही तो साठवायचा कशाला? हा दुसरा मार्ग वापरूनच एमपी३ तयार झालं.

एमपी३ आणि रॉयल्टी

एमपी३ घडवण्यात जर्मनीतल्या एरलांगेन इथल्या फ्राउनहोफर संस्थेचा मोठा वाटा होता. कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग हे त्यातलं ठळक नाव. सुझान वेगा या गायिकेचं 'टॉम्स डायनर' हे वाद्यांशिवाय गायलेलं गाणं ते चाचणीसाठी पुन्हा पुन्हा वापरत, कारण एकट्या माणसाचा साधा आवाज लहान करताना चूक लगेच कानाला कळते. १९९३ मध्ये हे आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झालं. फाइलच्या नावामागे '.एमपी३' लावायचं ठरलं ते १४ जुलै १९९५ रोजी. सेकंदाला १२८ किलोबिट या दराने एका मिनिटाला ९,६०,००० बाइट लागतात. सीडीच्या तुलनेत अकरावा हिस्सा!

आपल्यातल्या बहुतेकांनी ही गाणी मेमरी कार्डात भरून ऐकली. पण या पद्धतीवर पेटंट होती. रॉयल्टी हा शब्द गावात आपण मुरूम-वाळूच्या गाडीच्या संदर्भात ऐकतो : माल काढला की ब्रासमागे पैसे भरा. इथेही तसंच. एमपी३ बनवणारं किंवा वाजवणारं सॉफ्टवेअर काढलं की नगामागे पैसे. दरपत्रकात एका प्लेअरमागे पाऊण डॉलर असा दर होता.

मोठ्या कंपनीला पाऊण डॉलर म्हणजे काहीच नाही. पण जो माणूस सॉफ्टवेअर लिहून लोकांना फुकट वाटतो, त्याने कुठून भरायचे? जितकं जास्त वाटेल तितकं कर्ज वाढेल. सप्टेंबर १९९८ मध्ये फ्राउनहोफरने एमपी३ सॉफ्टवेअर बनवणाऱ्या अशा छोट्या मंडळींना पत्रं पाठवली : परवाना घ्या. अनेकांनी आपलं काम बंद केलं. २००२ मध्ये रेड हॅट या लिनक्स कंपनीने आपल्या आवृत्तीतून एमपी३ची सोयच काढून टाकली.

आमच्या शाळेतल्या जुन्या लिनक्स संगणकावर बालगीतं का वाजत नव्हती, हे मला इथे येऊन कळलं. मी तेव्हा संगणकालाच दोष देत होते!

व्होर्बिस : नवीन वाट

अमेरिकेत ख्रिस माँटगोमेरी नावाचा एक प्रोग्रामर होता. सगळे त्याला 'माँटी' म्हणतात. आवाज लहान करण्यावर तो १९९३ पासून आपल्या परीने काम करत होता. १९९८च्या त्या पत्रांनंतर त्याने ते काम जोरात हाती घेतलं. एमपी३ची नक्कल करायची नाही, पेटंटच्या कुंपणाबाहेरून वेगळी वाट काढायची आणि ती सगळ्यांना खुली ठेवायची, असं ठरवून. त्यातून 'ऑग व्होर्बिस' तयार झालं. पहिली पूर्ण आवृत्ती १९ जुलै २००२ रोजी आली. या कामाभोवती उभी राहिलेली ना-नफा संस्था म्हणजे झिफ.

हे जोडनाव का, ते आपल्या भाषेत सांगते. ऑग हा डबा आणि व्होर्बिस ही भाजी. त्याच डब्यात पुढे दुसऱ्या भाज्याही भरल्या गेल्या. नावांची गंमतही मुलांना सांगण्यासारखी आहे. ऑग हा शब्द एका संगणकीय खेळातल्या बोलीतून घेतला आणि व्होर्बिस हे टेरी प्रॅचेट यांच्या कादंबरीतलं एक पात्र.

व्होर्बिस कसं चालतं याचं पूर्ण वर्णन कुणीही वाचावं, वापरावं असं खुलं ठेवलं. २००१ मध्ये त्याच्या सॉफ्टवेअरचा परवाना आणखी मोकळा केला, म्हणजे प्लेअर बनवणाऱ्या कंपन्यांनाही अडचण नको. मुक्त सॉफ्टवेअरचे कट्टर पुरस्कर्ते रिचर्ड स्टॉलमन यांनीसुद्धा या बदलाला पाठिंबा दिला होता.

याच काळात आणखी दोन कामं झाली. जॉश कोलसन यांनी 'फ्लॅक' काढलं, त्याची पहिली आवृत्ती जुलै २००१ मध्ये आली. फ्लॅक म्हणजे साडीची घडी. काहीच वगळत नाही, तरी आकार साधारण निम्म्यावर येतो. २००३ मध्ये ते झिफच्या छत्राखाली आलं. दुसरं 'स्पीक्स', खास बोलण्याच्या आवाजासाठी. ते जाँ-मार्क व्हॅलँ यांनी बनवलं, पहिली पूर्ण आवृत्ती २००३ची. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

चांगलं होतं, मग घराघरात का नाही आलं?

इथे मी तुम्हाला फक्त गोड बाजू सांगणार नाही. व्होर्बिस गुणवत्तेत चांगलं होतं, फुकट होतं, तरी एमपी३ला हटवू शकलं नाही. कारण साधं आहे. तोवर सगळ्यांकडची गाणी एमपी३मध्ये होती. म्हणून प्लेअर एमपी३चे, आणि प्लेअर एमपी३चे म्हणून नवीन गाणीही एमपी३मध्येच. गावात सगळे एकाच वाटेने जायला लागले की दुसरी वाट कितीही जवळची असली तरी तिच्यावर गवत वाढतं.

दुसरं कारण भीतीचं. मोठ्या कंपन्या म्हणायच्या, "यात कुणाचं लपलेलं पेटंट निघालं तर? त्यापेक्षा पैसे भरून एमपी३ बरं." पण पैसे भरून तरी सुटका होते का? मायक्रोसॉफ्टने एमपी३साठी फ्राउनहोफरला १ कोटी ६० लाख डॉलर मोजले होते. तरी अल्काटेल-ल्युसंट कंपनीने आपल्या वेगळ्या पेटंटवरून दावा लावला आणि फेब्रुवारी २००७ मध्ये अमेरिकेतल्या ज्यूरीने तब्बल १५२ कोटी डॉलरची भरपाई ठरवली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यायाधीशांनी तो निकाल फिरवला, हा भाग वेगळा. पण पावती खिशात असूनही माणूस निर्धास्त नव्हता, हे तर दिसलंच ना?

व्होर्बिस हरलं असंही नाही. अनेक संगणकीय खेळांच्या आत ते शिरलं, विकिपीडियावरचे उच्चार त्यात साठवले गेले, स्पॉटिफायने गाणी ऐकवायला तेच वापरलं. लोक ऐकत होते, नाव मात्र कुणाला माहीत नव्हतं.

ओपस : सगळ्यांनी मिळून

आता आपल्या व्हॉइस नोटकडे येऊ. बोलण्याचा आवाज आणि संगीत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोलताना गळा आणि तोंड कसं हलतं याचा अंदाज बांधून आवाज लहान करता येतो. पण तीच पद्धत तबल्याला लावली तर सगळं बिघडतं. म्हणून बोलण्याला एक पद्धत, गाण्याला दुसरी, असं चालायचं.

स्पीक्सवाल्या व्हॅलँ यांनी २००७ मध्ये झिफकडून 'सेल्ट' नावाची नवीन पद्धत सुरू केली. संगीताला चांगली आणि उशीर अगदी कमी. तिकडे स्काइप कंपनीकडे बोलण्यासाठी 'सिल्क' नावाची पद्धत होती. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेत दोन्ही एकत्र आणल्या गेल्या. व्हॅलँ, कून व्हॉस आणि टिमथी टेरीबेरी यांच्या नावाने सप्टेंबर २०१२ मध्ये मानक प्रसिद्ध झालं. तेच ओपस. झिफ, ब्रॉडकॉम आणि स्काइप विकत घेतलेली मायक्रोसॉफ्ट, तिघांनीही आपापली पेटंट या कामासाठी विनामोबदला खुली केली. पेटंट असूनसुद्धा रॉयल्टी न मागणं शक्य असतं, हे इथे लक्षात घ्या.

ओपस सेकंदाला ६ किलोबिटपासून ५१० किलोबिटपर्यंत चालतं. नेटवर्क कमी झालं की आवाज बारीक करतं, वाढलं की भरून देतं, आणि चालू असतानाच बदलतं. नेहमीच्या मांडणीत उशीर फक्त २६.५ मिलिसेकंद, म्हणून फोनवर दोघांचं बोलणं एकमेकांवर आदळत नाही. आपलं गणित पुन्हा करू. बोलण्यासाठी १६ किलोबिट धरले तर मिनिटाला १,२०,००० बाइट होतात. सीडीच्या हिशोबाने १,०५,८४,००० होते. म्हणजे ८८ पट लहान! आमच्या तिसरीतल्या मुलीचा आवाज एका काडीवर कसा पोचला, त्याचं उत्तर हे.

यावेळी कुणाला लपलेल्या पेटंटच्या भीतीने लांब राहणं परवडलं नाही, कारण गुणवत्ताच तशी होती. २०११ मध्ये हायड्रोजनऑडिओवरच्या श्रोत्यांनी डोळे झाकून, म्हणजे कोणती पद्धत कोणती ते माहीत नसताना, ६४ किलोबिटवर तुलना केली. त्यात ओपसच्या घराण्यातली पद्धत पेटंटवाल्या एचई-एएसीच्या पुढे निघाली. आज ब्राउझरमधून थेट बोलण्याच्या वेबआरटीसी मानकात ओपस सक्तीचं आहे. यूट्यूबही ते वापरतं.

मग संशोधकांनी खायचं काय?

हा प्रश्न तुम्ही विचारणार, आणि तो रास्त आहे. एमपी३मागे कितीतरी वर्षांची मेहनत होती. फ्राउनहोफरच्या लोकांना मी लुटारू म्हणणार नाही. त्यांनी आधी वाट दाखवली, त्याचा मोबदला त्यांना मिळाला. शेवटी पेटंटची मुदत संपली आणि २३ एप्रिल २०१७ रोजी त्यांचा परवान्याचा व्यवहार बंद झाला. आज एमपी३सुद्धा खुलं आहे.

कुणी म्हणेल, "थोडं थांबला असतात तर फुकटच मिळालं असतं. एवढा खटाटोप कशाला?" मला हे पटत नाही. पहिली गोष्ट, पेटंट वीस वर्षांचं असतं. वीस वर्षांत आपल्या हाताखालून मुलांच्या किती तुकड्या जातात, मोजून बघा. शिकणारा मुलगा मुदत संपायची वाट बघत बसत नाही. दुसरी गोष्ट, एमपी३ खुलं झालं तोवर पुढच्या पद्धतींवर नवीन पेटंट आलेलीच होती. खुली पद्धत कुणी मुद्दाम बांधली नसती, तर आपण कायम एक मुदत मागेच राहिलो असतो.

आणि मुख्य गोष्ट. वस्तू आणि माप यांत फरक आहे. मीटरपट्टी बनवणाऱ्याने पट्टी विकून पैसे मिळवावेत, काही हरकत नाही. पण 'मीटर' कुणाच्या मालकीचा नसावा. पेन विकत घ्या, बाराखडी मोकळी राहू द्या. आवाजाचा फॉरमॅट हे माप आहे, बाराखडी आहे. तो सगळ्यांचा असला की पट्ट्या बनवणारे शंभर जण उभे राहतात. व्हॉट्सअ‍ॅप खुलं नाही, ते एका कंपनीचंच आहे. पण त्यातली आवाजाची फाइल बाहेर काढली तर ती दुसऱ्यांनी बनवलेल्या प्लेअरवरही वाजते. हा फरक लहान नाही. माझ्या रेकॉर्डरच्या फाइलींना हेच भाग्य नव्हतं.

एक गैरसमज इथेच दूर करते. फॉरमॅट रॉयल्टी-फ्री असला म्हणजे त्यातलं गाणं फुकट होत नाही. डबा मोकळा आहे, भाजी ज्याची त्याचीच! दुसऱ्याचं गाणं ओपसमध्ये बदललं म्हणून ते आपल्या शैक्षणिक व्हिडिओत वापरायची परवानगी मिळत नाही.

आपण वर्गात काय करू शकतो?

१. जपून ठेवायचं रेकॉर्डिंग, म्हणजे आजीच्या ओव्या, गावातल्या जुन्या माणसांच्या मुलाखती, बोलीतल्या गोष्टी, मूळ प्रत फ्लॅकमध्ये ठेवा. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमधून फ्लॅक फाइल सहज निघते.

२. पालकांना पाठवायची प्रत ओपस किंवा एमपी३मध्ये करा. पण ती नेहमी मूळ प्रतीवरून करा. लहान केलेल्या फाइलवरून पुन्हा लहान फाइल काढणं म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. दरवेळी थोडं पुसट होतं.

३. रेकॉर्डर किंवा अ‍ॅप घेताना एकच प्रश्न विचारा : याची फाइल दुसऱ्या कंपनीच्या साधनावर वाजते का? एक फाइल लगेच दुसरीकडे वाजवून बघा. मी हे केलं नव्हतं.

४. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये आहे म्हणजे जपलं आहे, असं समजू नका. फोन बदलताना ते जाऊ शकतं. फाइल बाहेर काढा, नावात तारीख आणि विषय लिहा. मुलांचे आवाज ठेवताना पालकांना विचारा.

५. वरचं गुणाकार-भागाकाराचं गणित पाचवीपासूनच्या मुलांना द्या. मी दिलं तेव्हा एका मुलाने विचारलं, "बाई, मग बाकीचा आवाज गेला कुठं?" त्यावरून घंटा आणि कुजबुजीचा प्रयोग आम्ही वर्गातच केला. एकाने घंटा वाजवायची, दुसऱ्याने हळू बोलायचं, बाकीच्यांनी कान द्यायचा. विज्ञानाचा तास त्यातच झाला.

त्या अकरा ओव्यांचं काय झालं, तेही सांगते. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने कुठून तरी जुना संगणक आणि जुनं सॉफ्टवेअर मिळवून त्यातल्या सात उघडून दिल्या. त्या फ्लॅकमध्ये केल्या आणि पेनड्राइव्हवर त्या घरी नेऊन दिल्या. उरलेल्या चार फाइली अजून माझ्या संगणकात तशाच आहेत, न उघडलेल्या.

तुमच्याकडेही अशा जुन्या फाइली पडून असतील. या सुट्टीत एकदा उघडून बघा. आज उघडत असतील तर आजच खुल्या फॉरमॅटमध्ये करून ठेवा.